साडेदहा कोयते

मी एक जुना कोयता आहे, मित्रांनो, आणि तोही डाव्या हाताचा. मी एका फार मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाला जाऊन आलो. तिथे तीस देशांची शेतीची यंत्रे आली होती म्हणे. मी त्यातले एकही पाहिले नाही. तरीसुद्धा अशा प्रदर्शनाला जाताना काय करावे आणि काय करू नये, हे मी तुम्हाला नीट सांगू शकतो. कारण तो सगळा दिवस मी तिथल्या सामान ठेवण्याच्या खोलीत, एका लोखंडी पेटीत बंद होतो. आणि ज्यांचे काही चुकते, ती सगळी माणसे त्याच खोलीच्या खिडकीशी येतात.

पण आधी माझा जन्म सांगतो.

धर्मापुरीला सटवा नावाचा लोहार होता. युसूफ वडगावचा राधाकिशन एके दिवशी त्याच्याकडे आला. त्याचे लग्न होऊन महिनाच झाला होता. "बायकोसाठी कोयता पायजे," तो म्हणाला. सटव्याने तयार असलेला एक कोयता पुढे केला.

"हा न्हाई चालायचा. ती डावखुरी हाय."

सटवा हसला. "मंग तिला उजव्या हातानं तोडाय शिकव की. कोयता कावून बदलतोस बे?"

राधाकिशन भात्याशेजारी बसून राहिला. तो उठत नाही असे पाहून सटव्याने ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्याचा एक तुकडा भट्टीत घातला. तो तुकडा म्हणजे मी. कोयत्याला धार एकाच अंगाने लावतात. माझी धार त्याने उलट्या अंगाने लावली आणि मला राधाकिशनच्या हातात देताना म्हणाला, "हा दुसऱ्या कुणाच्या कामाचा न्हाई बरं का. इकाय गेलास तर कुणी घ्यायचं न्हाई."

मला तेव्हा ते ऐकून वाईट वाटले होते.

मित्रांनो, आमच्या बीड जिल्ह्यात कोयता या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अर्थ म्हणजे मी, लोखंडाचा. दुसरा अर्थ नवरा-बायकोची जोडी. दसरा झाला की आमच्याकडची माणसे ऊस तोडायला दूरच्या कारखान्यांवर जातात, आणि जोडीने जातात. त्यांना नेणारा मुकादम आपली टोळी मोजताना माणसे मोजत नाही. तो कोयते मोजतो. दहा जोड्या म्हणजे दहा कोयते. एखादा माणूस एकटाच असला, तर तो अर्धा कोयता.

बहुतेक जोड्यांत पुरुष तोडतो आणि बाई मोळ्या बांधते. गीताबाई दोन्ही करायची. उसाच्या फडात ती नेहमी राधाकिशनच्या डाव्या बाजूला उभी राहायची. त्याचा कोयता उजव्या हातात, मी तिच्या डाव्या हातात. त्यामुळे दोन्ही पाती बाहेरच्या अंगाला राहत आणि ऊस धरायचे हात मध्ये. एकमेकांना कधी लागले नाही. दर हंगामाला ती माझ्या मुठीवर जुन्या लुगड्याची नवी चिंधी गुंडाळायची. तिच्या अंगठ्याने माझ्या मुठीत खळगा पडला होता. कधी दुसऱ्या बाईने मला घटकाभर मागून नेले, तर ती लगेच परत आणून द्यायची आणि म्हणायची, "गीताबाई, तुजा कोयता बी तुज्यावानीच उलटा हाय!" गीताबाई खूप हसायची.

असे बावीस हंगाम झाले.

मागच्या चैत्रात कारखान्याकडून निरोप आला की सप्टेंबरात पुण्याजवळ मोठे प्रदर्शन आहे, ऊस तोडणारी परदेशी यंत्रे येणार आहेत, आणि टोळ्यांना दाखवायला बस मिळणार आहे. गीताबाई लगेच म्हणाली, "मी येणार. त्या यंत्राला मला इचारायचंय."

"काय इचारती?" राधाकिशन म्हणाला.

"तुजी कंबर दुखती का म्हणून."

वैशाखात तिला ताप आला. चौथ्या दिवशी ती गेली.

राधाकिशनने मान दुसरीकडे करून मला तिच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळले, वर पोते बांधले आणि छपरालगतच्या खुंटीला टांगले. चार महिने मी तिथे होतो. आत अंधार होता. पोत्याचा वास होता. खालून शेळी ओरडल्याचे ऐकू येई, चूल पेटवताना राधाकिशन खोकल्याचे ऐकू येई, आणि नंतर काहीच ऐकू येत नसे. माझ्या पात्यावर गंज चढत होता. तो चढताना कळतो, मित्रांनो. पण सांगायचे कोणाला?

प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे त्याने खुंटीवरून मला काढले. पोते सोडले, लुगड्यासकट मला कापडी पिशवीत घातले आणि वेशीवर आला. मुकादम अर्जुनराव बसच्या दारात हातात वही घेऊन उभा होता. सगळे चढल्यावर त्याने मोजले. "साडेदहा कोयते," तो म्हणाला.

"अकरा लिवा," राधाकिशन म्हणाला.

"आरं, तू एकटाच हायेस न्हवं?"

राधाकिशनने पिशवी उघडून मला दाखवले. अर्जुनरावाने वहीतले खोडले. "बरं बाबा. अकरा."

राधाकिशन खिडकीजवळच्या आसनावर बसला नाही. तो त्याच्या उजवीकडच्या आसनावर बसला. डावीकडची, खिडकीची जागा त्याने मोकळी ठेवली आणि तिथे मला ठेवले.

आता प्रदर्शनाच्या दारात काय झाले ते ऐका. तिथे गणवेशातला एक पहारेकरी होता. चांगला माणूस होता, पण आमच्या भागातला नव्हता. त्याने विचारले, "किती जण?"

अर्जुनराव सवयीने म्हणाला, "अकरा कोयते हायेत. सोडा आत."

पहारेकरी दोन पावले मागे सरला. "अकरा कोयते? कुठे आहेत?"

"हे काय, तुमच्या म्होरं हुबे हायेत!"

त्याने शिट्टी वाजवली. आणखी दोघे पहारेकरी धावत आले. टोळीतली सुरेखा पुढे झाली आणि शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याच्या, अजिनाथच्या, पाठीत थाप मारून म्हणाली, "साहेब, ह्यो माजा अर्दा कोयता. याला धार न्हाई, भिऊ नका!" सगळी टोळी हसायला लागली. पहारेकरीही हसला. तरी त्याने सगळ्यांच्या पिशव्या तपासणीच्या यंत्रातून घातल्या. दहा जोड्या हसत हसत पुढे गेल्या. राधाकिशनची पिशवी गेली आणि यंत्र वाजले.

पहारेकऱ्याने मला बाहेर काढले. सगळे हसणे थांबले.

"हे काय आणलंय, काका?"

"कोयता."

"अहो, पण हे सगळे कोयते ना? मग हा कशाला?"

राधाकिशन जमिनीकडे बघत होता. "तिला यंत्र बघायचं हुतं," तो म्हणाला.

"कोणाला?"

पहारेकऱ्याने लुगड्याचा तुकडा त्याच्या पिशवीत परत ठेवला, आणि मला सामान ठेवण्याच्या खोलीत पाठवले. तिथे मोहिनी नावाची मुलगी खिडकीवर होती. तिने राधाकिशनला एक गुलाबी चिठ्ठी दिली. "ही पावती जपून ठेवा. ही दाखवल्याशिवाय वस्तू मिळणार नाही. साडेपाचला खिडकी बंद होते. धारदार वस्तू राहिली तर ती भंगारात जाते." तिने हे एका दमात सांगितले, कारण सकाळपासून ती तेच सांगत होती. मग तिने मला पेटीत ठेवले आणि कडी लावली.

म्हणून माझी पहिली सूचना ही आहे, मित्रांनो. अशा ठिकाणी जाताना कोयता, चाकू, विळी, कात्री, काहीही धारदार सोबत नेऊ नका. ते कितीही जिव्हाळ्याचे असो, दारातला माणूस जिव्हाळा तपासू शकत नाही.

पेटीत माझ्यासोबत चार चाकू होते, कलम करायची एक कात्री होती आणि आष्टीकडच्या कोणाचा तरी एक कोयता होता. आम्ही एकमेकांवर पडलो होतो. बाहेर हजारो माणसांचा आवाज होता, भोंग्यातून सूचना चालल्या होत्या, कुठेतरी मोठमोठी यंत्रे सुरू होत होती. ज्याला पाहायला मला आणले, ते यंत्र माझ्यापासून फार लांब नसावे. त्याची घरघर पेटीच्या पत्र्याला कळत होती. मी हलू शकत नव्हतो. मी खिडकीशी येणाऱ्या माणसांचे ऐकत, आणि कडीजवळच्या फटीतून खिडकीपुरते दिसेल तेवढे बघत पडलो.

एक बाई लंगडत आली. तिने नव्या चपला घातल्या होत्या आणि टाचेला फोड आले होते. तिला त्या चपला ठेवून अनवाणी फिरायचे होते. मोहिनीने तिला पट्टी दिली. तुम्ही जुन्या, पायाला बसलेल्या चपला घालून जा. तिथे दिवसभरात दोन गावांमधले अंतर चालणे होते.

एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांची माणसे हरवली होती, आणि फोन बंद पडला होता. "आमचं ठरलं होतं, चुकामूक झाली तर झेंड्यापाशी भेटायचं," ते म्हणाले. मोहिनी म्हणाली, "आजोबा, इथे तीस देशांचे तीस झेंडे आहेत." ते तासभर तिच्या खिडकीशी बसले. तेव्हा भेटायची जागा आत गेल्यावर, डोळ्यांनी पाहून ठरवा. दाराचा क्रमांक तळहातावर लिहून ठेवा. त्या जागेला सात दारे होती आणि सातही सारखीच दिसत, असे सगळेच म्हणत होते. घरच्यांचा फोन नंबर कागदावरही असू द्या.

एकाने माहितीपत्रकांच्या दोन थैल्या आणून ठेवल्या. प्रत्येक दुकानाशी त्याने हात पुढे केला होता. संध्याकाळी तो त्या न्यायला आलाच नाही. जे खरोखर लागणार आहे तेवढेच घ्या. एक आणखी. ऊस तोडणारे यंत्र प्रत्यक्ष चालवून दाखवायची वेळ सकाळी अकरा आणि दुपारी तीन, अशी दोनदाच होती. ती दारात मिळणाऱ्या नकाशाच्या मागच्या बाजूला छापली होती. कागद उलटायचे बहुतेकांच्या मनात आले नाही. साडेतीनला येऊन ते मोहिनीवर रागावत होते. आल्याआल्या नकाशा दोन्ही बाजूंनी वाचा. सगळे बघायचा हट्ट करू नका, तीन-चार गोष्टी ठरवा, त्या नीट बघा. पाण्याची बाटली भरून न्या. आणि विचारा. परदेशी माणसाशेजारी मराठी बोलणारा एक माणूस उभा असतो. तो तुमच्या प्रश्नासाठीच असतो. पण लाजून कोणी विचारत नाही, असे मोहिनी कोणाला तरी सांगत होती.

असे ऐकता ऐकता गर्दी ओसरू लागली. कात्री गेली. एकेक करून चाकू गेले. राहिलो मी आणि आष्टीचा कोयता. भोंग्यातून सांगितले, आता फक्त अर्धा तास उरला आहे. खोलीत कोणीतरी एक पोते आणून टाकले. भंगाराचे पोते. त्याचा वास मला ओळखीचा वाटला.

तेवढ्यात राधाकिशनचा आवाज आला. "बाई, माजा कोयता द्या." त्याने गुलाबी चिठ्ठी पुढे केली.

"काका, ही जेवणाची चिठ्ठी आहे."

"आसं कसं? जेवलो की मी दुपारी. वांग्याची भाजी हुती."

"मग जेवताना तिथे काय दिलंत?"

राधाकिशन रिकामा खिसा चाचपायला लागला. मग मोहिनी हळूच म्हणाली, "काका, तुम्ही कोयत्याच्या पावतीवर जेवलात."

दारात मिळालेली जेवणाची चिठ्ठीही गुलाबीच होती, मित्रांनो, आणि दोन्ही एकाच खिशात होत्या. वाढणाऱ्याने न बघता घेतली होती. मोहिनीने स्वयंपाकघरात फोन लावला. तिथल्या चिठ्ठ्या कचऱ्याच्या गाडीतून निघून गेल्या होत्या. मोहिनीच्या वहीत नावे नव्हती, नुसते क्रमांक होते. तो क्रमांक राधाकिशनला आठवत नव्हता. मग तिने आपल्या साहेबांना बोलावले. साहेब दिवसभर उभे राहून दमले होते, पण ओरडले नाहीत. "पेटीत दोन कोयते आहेत," ते म्हणाले. "चुकीचा चुकीच्या माणसाला गेला तर मला उत्तर द्यावं लागेल. तुमचा कसा ओळखायचा, ते न बघता सांगा."

"लाकडाची मूठ हाय."

"दोन्हींना आहे."

"मुठीला चिंधी बांधली हाय."

"दोन्हींना आहे. कोणत्या रंगाची?"

राधाकिशन पेटीकडे बघायला लागला.

बावीस हंगाम तो माझ्या शेजारी होता. पण सटव्याकडून घरी नेले त्यानंतर मला हातात धरून नीट पाहायची वेळ त्याच्यावर आलीच नव्हती. मी तिचा होतो. चिंधी ती बदलायची, धार ती लावायची. खुंटीला टांगताना त्याने मान फिरवली होती, आणि आज दारात तो जमिनीकडे बघत होता. मी पेटीत ओरडत होतो, निळी, निळी आहे, काठाची! पण लोखंडाला कुठला आवाज?

बाहेरून अर्जुनरावाची हाक आली. "राधाकिशन! गाडी सुटायली. केजच्या बाजारात पायजे तेवढे कोयते मिळत्यात, चल बे!"

"तुमी जावा," राधाकिशन म्हणाला. "मी ऱ्हातो."

"ऱ्हातो म्हंजे? कुठं ऱ्हातोस?"

"हितंच. ह्यो पेटीत हाय तवर."

अर्जुनराव खिडकीशी आला आणि उभा राहिला. मोहिनी म्हणाली, "काका, तुम्ही शेवटी कधी पाहिला तो? काय करत होतात तुम्ही? आठवून बघा."

राधाकिशनने पिशवी खाली ठेवली. तो फडात उभा राहतो तसा वाकला. डाव्या हाताने नसलेला ऊस धरला, उजवा हात फिरवला. मग थांबला आणि त्याने आपल्या डाव्या बाजूला पाहिले. तिथे कोणी नव्हते. तो एक पाऊल डावीकडे सरकला, तिच्या जागेवर. त्याने ऊस उजव्या हाताने धरला आणि डावा हात फिरवला. एकदा. दोनदा.

"डावा," तो वाकलेलाच म्हणाला. "साहेब, डाव्या हाताचा हाय. धार उलट्या अंगाला हाय. सटवा लोहारानं मुद्दाम केलता. मुठीत तिच्या अंगठ्याचा खळगा आसंल. आंगठा बी उलटाच लागंल."

कडी निघाली. उजेड आत आला. साहेबांनी आम्हा दोघांना बाहेर काढले, पाती आडवी धरून पाहिली. मग मला खिडकीवर ठेवले. सटवा म्हणाला होता की मी दुसऱ्या कोणाच्या कामाचा नाही. ते मला त्या दिवशी पहिल्यांदा बरे वाटले.

मोहिनीने वहीत लिहिले आणि वाचून दाखवले. "कोयता, नग एक. मिळाला. सही करा, काका."

त्याने सही केली. आम्ही बसकडे गेलो. अर्जुनरावाने दारात उभे राहून पुन्हा मोजले. "अकरा झाले. चला."

"साडेदहा म्हणा, अर्जुनराव," राधाकिशन म्हणाला. "हे नुस्तं लोखंड हाय."

बसमध्ये टोळीतल्या म्हाताऱ्या कौशल्याबाईंना मागच्या आसनावर धक्क्यांनी मळमळत होते. राधाकिशनने त्यांना पुढे बोलावले, खिडकीजवळची जागा दिली आणि मला पायाशी ठेवले.

घरी आल्यावर मी खुंटीची वाट बघत होतो. त्याने मला खुंटीला टांगले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दगडावर पाणी टाकून तो मला धार लावायला बसला. पहिल्यांदा सवयीने चुकीच्या अंगाने घासले, मग उलटवले. माझा गंज लाल पाण्यातून वाहून गेला. मग घरामागच्या तुकड्यात शेळीसाठी कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, कापायला तो मला घेऊन गेला. उजव्या हाताने धरले तर मी ताटांवरून नुसता घसरलो. मग त्याने मला डाव्या हातात घेतले. त्याचा अंगठा खळग्यात बसला नाही, थोडा बाहेर राहिला. ताटे वेडीवाकडी तुटली. ती असती तर पोट धरून हसली असती.

कापता कापता तो बोलायला लागला. माझ्याशी बोलत होता की तिच्याशी, ते मला ठाऊक नाही. "यंत्र लई मोठं हाय. घराएवढं. मी इचारलं बरं का. कंबर दुखती का म्हनलं. तिथला तो मराठी माणूस हसला. मग त्यानं त्या गोऱ्याला इचारलं. गोरा हसला न्हाई. त्यानं सांगितलं, दर काही तासांनी याला थांबवावं लागतं, त्याचे सांधे तपासावे लागतात, तेलपाणी करावं लागतं, न्हाईतर मोडतं." त्याने आणखी एक ताट तोडले. "म्हंजे दुखती."

मित्रांनो, तुम्ही प्रदर्शनाला जाल तेव्हा दोन चिठ्ठ्या दोन खिशांत ठेवा. मनातला प्रश्न विचारून या, तो तुमचा असो की घरी राहिलेल्या माणसाचा. आणि तुमच्या घरी गेलेल्या माणसाची एखादी वस्तू पोत्यात बांधून टांगलेली असेल, तर तिला खाली काढा. हातात घेऊन तिच्या चिंधीचा रंग पाहून ठेवा. तिच्याकडून काहीतरी काम करून घ्या, मग ते वेडेवाकडे झाले तरी चालेल. आत फार अंधार असतो.

आज आम्हाला बांधाकडेचे कडवळ कापायचे आहे. त्याचा डावा हात अजून चुकतो.